इंग्रजीच्या वर्गाची खबर घरापर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मुलांच्या इंग्रजीवर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी इंग्रजीवर काय बोलणार? त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला. शिकलेल्या बायका बोलतात तेव्हा आपल्या बायका मान हलवतात आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात." त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

माझी धाकटी मुलगी यंदा सहावीत आहे. तिच्या वर्गाला इंग्रजी शिकविणाऱ्या बाई दर शनिवारी पालकांच्या मोबाईलवर वर्गाची खबर पाठवितात. खबर लहानशी असते आणि मराठीत असते. या आठवड्यात पुस्तकाची अमुक पाने झाली, काल घडलेली गोष्ट इंग्रजीत कशी सांगावयाची ते शिकविले, दहा शब्द पाठ करावयास दिले आहेत, बुधवारी छोटी चाचणी आहे, चाररेघी वही संपली असेल तर नवी द्यावी, असा मजकूर असतो. खाली एक ओळ मुलांसाठी असते, की या आठवड्यात सर्वांनी मोठ्याने वाचले, पुढच्या आठवड्यात एकेकाने उभे राहून वाचावयाचे आहे. इतकेच. वाचावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. पण या दोन मिनिटांच्या खबरीचा आपल्या मुलींच्या शिक्षणाशी केवढा संबंध आहे, तेच मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटते की, अशी खबर पाठविणे ही त्या बाईंची मेहेरबानी आहे. बाई कष्टाळू आहेत यात शंका नाही. पण भगिनींनो, ही नुसती मेहेरबानी नव्हे, हा आपला हक्क आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २४व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत एक कर्तव्य असे आहे की, शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मूल शाळेत किती येते, त्याला कितपत समजते, त्याची प्रगती कशी आहे, हे पालकांना कळवावे. याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे चार भागांतील तीन भाग सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा शाळेत जाऊन "माझ्या लेकराचे इंग्रजी कसे चालले आहे?" असे विचारताना कोणी पदर सावरीत दाराबाहेर उभे राहण्याचे कारण नाही. खुर्ची आपली आहे, आत जाऊन बसावे.

आता कोणी म्हणेल, प्रगतिपुस्तक तर मिळतेच की. मिळते, पण ते सत्र संपल्यावर मिळते. आपण शेतकरी घरच्या बायका. कपाशीवर बोंडअळी आली आहे हे वेचणीच्या दिवशी कळून काय उपयोग? आठवड्याला एकदा रानात चक्कर मारावी लागते. प्रगतिपुस्तक म्हणजे वेचणीनंतरचा हिशेब आणि आठवड्याची खबर म्हणजे उभ्या पिकावरची नजर. दोन्ही पाहिजेत, पण पीक वाचते ते नजरेने.

हे इंग्रजीच्याच बाबतीत मी का म्हणते तेही सांगते. गणित, भूगोल किंवा विज्ञान मुलाला आले नाही तर घरात थोडा तरी अंदाज येतो, कारण ते मराठीत असते. इंग्रजीचे पुस्तक उघडले की आपण ते मिटून बाजूला ठेवतो. त्यात आपलाही दोष नाही. आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि शाळेत उर्दूचा अंमल होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला धड मराठी शाळा आली नाही, तेथे इंग्रजीचे नाव कशाला? पुढे मराठी शाळा झाल्या, पण इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. माझ्या वयाच्या बायका सातवीला शाळेतून निघाल्या, म्हणजे आम्हाला तीन वर्षे इंग्रजी मिळाले. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्यामुळे आज घरोघरी असे चित्र आहे की, पहिलीचे पोर इंग्रजी कविता म्हणते आणि आई तोंडाकडे पाहते.

परंतु आईला काहीच येत नाही हेही खरे नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण जे बोलतो ते जरा कान देऊन ऐका. गॅस, कुकर, मिक्सर, ग्लास, कप, बस, स्टँड, डॉक्टर, बँक, पासबुक, रेशन कार्ड, ब्लाउज, टेलर, रिचार्ज. दिवसाकाठी शे-दीडशे इंग्रजी शब्द आपण बोलत असू. ते इंग्रजी आहेत हे आपल्याला आठवतही नाही. माझ्या मुलीला बाईंनी घरातल्या वस्तूंचे वीस इंग्रजी शब्द लिहून आणावयास सांगितले, तेव्हा तिने चुलीजवळ बसूनच वहीचे पान भरले. हे काम घरी आहे हे मला शनिवारच्या खबरीमुळे ठाऊक होते, म्हणून मीही तिच्याबरोबर शब्द शोधू लागले.

इंग्रजी मुलांना अवघड का जाते, हेही बाईंनी एकदा पालकांच्या सभेत फार सोपे करून सांगितले. आपण मराठीत जसे बोलतो तसेच लिहितो. क म्हटले की क, स म्हटले की स. इंग्रजीत एकच अक्षर कॅटमध्ये क होते आणि सिटीमध्ये स होते. नाइफ म्हणजे सुरी, पण लिहिताना आधी के काढावयाचा आणि वाचताना तो गिळावयाचा. शिवाय आपण म्हणतो, "मी भाकरी खाते," म्हणजे खाणे शेवटी. इंग्रजीत मी, मग खाते, मग भाकरी. लेकराच्या डोक्यात वाक्य उलटेपालटे करावे लागते. हे एका दिवसात बसत नाही. रोज थोडे थोडे, मोठ्याने वाचून, कानावर पडूनच बसते. आपल्या तालुक्यातील तांड्यांवरच्या लेकरांना तर आणखी एक पायरी आहे. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि त्यावर इंग्रजी येते. अशा मुलाला दोन शब्द कमी आले म्हणून त्याला ढ म्हणणे हा अन्याय आहे.

तर रोज थोडे थोडे वाचून घेण्याचे काम घरी कोणी करावयाचे? ते काम आईला जमते, आणि इंग्रजी न येणाऱ्या आईलाही जमते. मी काय करते ते सांगते, त्यात काही मोठेपणा नाही. खबरीत जी पाने लिहिली असतील ती मुलीला माझ्यासमोर मोठ्याने वाचावयास सांगते. मी भाकरी थापीत असते. मला अर्थ समजला नाही तरी ती कोठे अडखळते ते ऐकू येते. कालच्या जागीच आज अडखळली तर मी म्हणते, येथे बाईंना विचार. दुसरे म्हणजे, दहा शब्दांचा मराठी अर्थ विचारते. तिला सांगता आला तर समजले, नाही तर पुन्हा पाहावयास लावते. तिसरे म्हणजे वही पाहते. वहीत तारीख आहे का, बाईंची लाल शाई आहे का, चूक दुरुस्त करून पुन्हा लिहिली आहे का, एवढे पाहण्यास कोणत्याच भाषेची अडचण पडत नाही. वहीचे महत्त्व सरकारलाही वाटले होते. २०२३-२४ साली पाठ्यपुस्तकांतच टिपणासाठी कोरी पाने घातली होती. पुढे २०२५ साली तो निर्णय मागे घेतला. पाने पुस्तकात असोत की वेगळ्या वहीत, ती पाहणारे डोळे घरात पाहिजेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगते. खबर निघते, पण ती आईपर्यंत पोचत नाही. घरात मोबाईल एक असतो आणि तो घरधन्याच्या खिशात असतो. शाळेत नंबर त्यांचा लिहिलेला. खबर शनिवारी दुपारी येते तेव्हा ते रानात किंवा जालन्याच्या मोंढ्यात. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्या खबरीवर पन्नास सुप्रभात, फुलांची चित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊन पडलेल्या असतात. बाईंनी कळकळीने लिहिलेल्या दोन ओळी त्या ढिगाखाली गाडल्या जातात. बाईंना वाटते पालकांना कळले, पालकांना वाटते शाळेतून काही आलेच नाही, आणि मधल्या मध्ये लेकराची चाचणी होऊन जाते.

आमच्या ओळखीच्या एका घरची मुलगी मोठी हुशार. घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, मुलगी आजीजवळ राहिली. मोबाईल बापाबरोबर कारखान्याच्या फडावर. शाळेतून जे कळविले जाई ते चारशे कोस दूर जाई आणि तेथेच राही. मुलगी इंग्रजीत मागे पडत गेली. आजीला काय कळणार? आई-बाप उन्हाळ्यात परत आले तेव्हा निकाल हातात आला, आणि घरात एकच वाक्य झाले, "तिला इंग्रजी जमत नाही, बसू द्या घरी." भगिनींनो, तिला जमत नाही हे कोणी ठरविले? तिचे नेमके कोठे अडले होते हेच कोणाला ठाऊक नव्हते. सातवी-आठवीला घरी बसलेल्या मुलीचे आपल्याकडे पुढे काय होते, हे या सभेत मी सांगावयास नको. अठरा वर्षांच्या आत लग्न करू नये असा कायदा आहे, पण त्या कायद्याचे रक्षण पोलिसांपेक्षा शाळेचा वर्गच अधिक करतो. आणि आता तर महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. त्यात नापास झाले तर पुन्हा परीक्षा घेतात, त्यातही राहिले तर मूल त्याच वर्गात बसते. एक वर्ष मागे राहिलेली मुलगी पुढे शाळेत टिकेल की नाही, याचा विचार आठवीचा निकाल लागल्यावर करून चालणार नाही.

मग मोबाईल नसेल तेथे काय करावे? यावर महाराष्ट्रातील शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी आधीच पुष्कळ वाटा काढल्या आहेत. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. सरकारने रोजचा अभ्यास मोबाईलवर पाठविण्यास सुरुवात केली, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. पण ज्यांच्याकडे मोबाईलच नाही त्यांचे काय? सोलापुरातील नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. मुले गल्लीतून जाता-येता भिंत वाचीत. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकविले. म्हणजे खबर पोचवावयाची ठरविली तर भिंतसुद्धा पत्र होते.

सोलापूर जिल्ह्यातीलच परितेवाडी हे लहानसे खेडे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जगातील उत्तम शिक्षकाचे पारितोषिक मिळाले. दहा लक्ष डॉलरचे ते पारितोषिक. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या मुलांच्या पुस्तकांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा जो चौकोन असतो आणि ज्यावर मोबाईल धरला की धडा दिसतो-ऐकू येतो, त्याची सुरुवात त्यांनी आपल्या शाळेत केली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर तो आला. त्यांच्या शाळेतील मुलांची घरची भाषा कानडी होती, म्हणून त्यांनी धडे मुलांच्या भाषेत आणले. इंग्रजीच्या बाबतीत हेच ध्यानात घेण्यासारखे आहे. शिकवावयाचे इंग्रजी असले तरी आईला सांगावयाचे ते आईच्या भाषेत सांगावे लागते.

आणखी एक उदाहरण बायकांचेच आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथे २०२२ साली महिलांच्या ग्रामसभेत ठराव झाला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावयाचा आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद व्हावयाचे, मुलांनी अभ्यास करावयाचा. आधी लोकांना हसू आले असेल, पण गावाने ते करून दाखविले. ठराव करण्यास पदवी लागत नाही, एकमत लागते.

आपल्या शिक्षक-शिक्षिकांना मंडळाच्या वतीने माझ्या चार नम्र विनंत्या आहेत. पहिली, खबर मराठीत आणि पाच-सहा ओळींतच असावी. ज्या आईला वाचता येत नाही तिच्यासाठी तीच खबर आवाजात बोलून पाठवावी. मोबाईलवर ती सोय आहे आणि बाईंचा आवाज ऐकला की घरातील मूलही लगेच सावध होते. दुसरी, शाळेच्या नोंदीत बापाबरोबर आईचाही नंबर लिहून घ्यावा, आणि आईजवळ मोबाईल नसेल तर जवळच्या शेजारणीचा, आईला विचारून. तिसरी, काय शिकविले एवढेच न लिहिता घरी काय विचारावे तेही एका ओळीत लिहावे. "भूतकाळ शिकविला" असे लिहिले तर मी काय करणार? "काल तू काय खाल्लेस, हे मुलाला इंग्रजीत सांगावयास लावा" असे लिहिले तर मी जेवताना विचारू शकते. चौथी विनंती अशी की, एखाद्या मुलाचे कमी गुण किंवा चूक सर्वांच्या समोर लिहू नये. ते त्याच्या आईला वेगळे कळवावे. चारचौघांत अपमान झालेले लेकरू इंग्रजीलाच नव्हे, शाळेलाच घाबरते.

विनंत्या करून आपण मोकळ्या होणार नाही. आपल्याकडेही काम आहे. मी मंडळापुढे असे सुचविते की, मंडळाच्या ओसरीत एक फळा लावावा. दर शनिवारी संध्याकाळी आपल्यापैकी जिच्या मोबाईलवर खबर आली असेल तिने ती त्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी. सहावी, सातवी, आठवी, प्रत्येक इयत्तेसाठी एक कोपरा. रविवारी दुपारी आपण पापड-शेवयांना, हळदीकुंकवाला किंवा बचत गटाच्या हिशेबाला जमतोच. त्या वेळी ती एकदा मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल. ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेले आहेत त्या मुलांची नावे मंडळाने टिपून ठेवावीत आणि आपल्यातील एकेकीने दोन-दोन मुले वाटून घ्यावीत. त्यांच्या आजीला खबर सांगावयाची, वही पाहावयाची, आणि आई-बापांना फडावर फोन करून सांगावयाचे की, लेकीची बुधवारी चाचणी आहे, दोन शब्द तिच्याशी बोला. खर्च एका फळ्याचा आणि खडूच्या डब्याचा. जागा आहे, बायका आहेत, मनावर घेण्याचीच उणीव आहे.

या कामाला आपल्याकडे मोठा वारसा आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकविण्याचे काम हाती घेतले. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला, त्यात इंग्रजी शिकण्याविषयीही कविता आहेत. शेण-चिखल अंगावर झेलणाऱ्या त्या माउलीला पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळले होते की, ज्या भाषेत राज्य चालते ती भाषा दुबळ्यांच्या लेकरांना आली पाहिजे. आज इंग्रजांचे राज्य नाही, पण औषधाच्या पट्टीवर मुदत इंग्रजीत असते, नोकरीचा आणि नर्सिंगच्या कॉलेजाचा अर्ज पुष्कळदा इंग्रजीत असतो. आपल्या मुलीने तो स्वतः वाचून भरावा, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, एवढीच आपली इच्छा आहे. मराठी तिची आईच आहे, ती कोठे जात नाही. इंग्रजी तिच्या हातातले अवजार व्हावे.

फळ्याची सूचना मी मंडळापुढे ठेवली आहे. अध्यक्षीणबाईंनी ती सभेपुढे मतास टाकावी, आणि पहिल्या शनिवारी लिहावयास कोण येणार ते नाव आजच घ्यावे. माझे नाव पहिले लिहावे. माझे अक्षर चांगले आहे, असे सातवीच्या गुरुजींनी सांगितले होते. त्याचा उपयोग करावयाची संधी इतक्या वर्षांनी मंडळामुळे मिळाली तर मला आनंदच आहे.